मायबाप सरकार आणि मुलांचे मायबाप

शासनाला 'मायबाप सरकार' म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. अर्जांच्या मायन्यातून हा शब्दप्रयोग आता जवळजवळ गेला असला तरी बोलण्यातून गेलेला नाही. बहुतेक वेळा तो केवळ अलंकार असतो. मात्र प्रशासनाची एक शाखा अशी आहे की जेथे तो अक्षरशः खरा ठरतो. बाल कल्याण समितीने एखाद्या मुलाला 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरवले, की त्याने कोठे राहावे, कोणाला केव्हा भेटावे आणि घरी परत जावे की नाही हे शासन ठरवू लागते. अशा वेळी त्या मुलाच्या खऱ्या आईबापांचे स्थान काय उरते, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यास कोण बांधील असते, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. माझे मत आधीच सांगतो. गेल्या शंभर वर्षांत या व्यवस्थेचे उत्तरदायित्व आपण वरच्या दिशेने, म्हणजे निरीक्षक, संचालनालय, मंत्रालय, न्यायालय असे पुष्कळ बांधले. कुटुंबाच्या दिशेने मात्र फारच थोडे बांधले.

बेंगळुरूमध्ये होसूर रस्त्यावर किदवाई कर्करोग रुग्णालयाच्या परिसरात राज्य शासनाची बालगृहे आहेत. येथील व्यवस्था ज्या कायद्यावर चालते तोच कायदा मुंबईत मानखुर्दला चालतो. हे नेहमीच असे नव्हते. १९५६ पूर्वी बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यात होते व तेथे मुंबईचा बालक अधिनियम होता. राज्य पुनर्रचनेनंतर काही वर्षे एकाच राज्यात वेगवेगळे कायदे नांदले, आणि १९६४ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्याने आपला स्वतंत्र बालक अधिनियम केला. सीमाभागातील लोकांना राज्य बदलले की सातबारा बदलतो, शाळेची भाषा बदलते हे ठाऊक असते. मुलांवरील शासनाच्या अधिकाराचा आधारही बदलतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

या कायद्यांचे मूळ बरेच मागे जाते. १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा अनाथ व गरीब मुलांना धंदेशिक्षणासाठी बांधून देण्याची सोय करणारा होता. १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदा आला आणि १८९७ मध्ये तो नव्याने केला गेला. या दोन्हींत कुटुंबाचा विचार जवळजवळ नाही. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला, आणि त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालक अधिनियम केले. १९२७ मध्ये मुंबईत बाल न्यायालय सुरू झाले व त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. १९४८ मध्ये मुंबईचा अधिनियम नव्याने लिहिला गेला.

या अधिनियमांनी एक मोठी गोष्ट केली. मुलाने काहीही गुन्हा केलेला नसताना, केवळ त्याच्या परिस्थितीमुळे त्याला ताब्यात घेण्याचा अधिकार शासनाला मिळाला. भीक मागणारे मूल, ठावठिकाणा व उपजीविकेचे दृश्य साधन नसलेले मूल, ज्याचे पालक त्याला सांभाळण्यास अपात्र आहेत असे मूल, हे सर्व त्यात आले. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. रस्त्यावरची मुले तुरुंगात जाण्यापेक्षा बालगृहात जाणे केव्हाही बरे. पण या संपूर्ण रचनेत आईबाप प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटतात: एकदा न्यायालयाने बोलावल्यावर हजर राहणारे म्हणून, आणि एकदा मुलाच्या पोषणाचा खर्च देणारे म्हणून. पालकांकडून वर्गणी वसूल करण्याची तरतूद नंतरच्या केंद्रीय कायद्यांतही, अगदी १९८६ पर्यंत, टिकून होती. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर पालक हा खर्चाचा वाटेकरी होता, माहितीचा वाटेकरी नव्हता.

१९६० मध्ये केंद्रशासित प्रदेशांसाठी बालक अधिनियम आला. त्याने गुन्ह्यात सापडलेली मुले व उपेक्षित मुले यांच्यासाठी दोन वेगळ्या यंत्रणा केल्या. उपेक्षित मुलांचे प्रकरण न्यायालयाऐवजी बाल कल्याण मंडळाकडे दिले. वातावरण कोर्टकचेरीचे नसावे म्हणून मंडळापुढे त्याच्या खास परवानगीखेरीज वकिलाला उभे राहता येणार नाही असेही ठरले. याच अधिनियमात एक छोटे कलम आहे, ज्याकडे माझ्या मते अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय मानावा. मात्र मंडळाला योग्य वाटल्यास त्यातील सारांश मुलाला किंवा त्याच्या पालकाला सांगावा आणि त्यावर पुरावा देण्याची संधी द्यावी, असे ते कलम म्हणते. 'योग्य वाटल्यास' या दोन शब्दांवर सारे अवलंबून आहे. हेच कलम १९८६ च्या कायद्यात आले, २००० च्या कायद्यात आले आणि २०१५ च्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमात ते ९९ व्या क्रमांकाचे कलम होऊन आजही आहे. मधल्या काळात यंत्रणांची नावे बदलली, मंडळाची समिती झाली, 'उपेक्षित' शब्द जाऊन 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले' आले. हे दोन शब्द तेवढे जागचे हलले नाहीत.

कुटुंबांची तक्रार प्रथम ठळकपणे न्यायालयापर्यंत पोहोचली ती एका पत्रकारामुळे. मुंबईच्या शीला बर्से यांनी चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या निरीक्षणगृहांविषयी मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिले व न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. त्यांच्या तक्रारींत मुलांकडून करून घेतल्या जाणाऱ्या कामाचा मुद्दा होता, प्रवेशानंतर पाठपुरावा होत नसल्याचा होता; परंतु मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच. मुलाला आईबापांकडे परत पाठवावे असा बाल न्यायालयाचा आदेश झाल्यानंतरही मुले परत जाण्यास विलंब होत होता. म्हणजे कुटुंबाने जे मागायचे ते मागून झाले होते, मिळालेही होते, कागदावर शिक्काही होता. उरले होते ते मुलाला गाडीत बसवून घरी पोहोचवण्याचे काम. ज्याने प्रशासनात काही वर्षे काढली आहेत त्याला हे चित्र अपरिचित वाटणार नाही. सोबत जाणारा शिपाई उपलब्ध नसतो, प्रवासभत्त्याची मंजुरी आलेली नसते, दुसऱ्या राज्याचे उत्तर आलेले नसते. यांतील कोणतेच कारण खोटे नसते.

उच्च न्यायालयाच्या निर्णयाने समाधान न झाल्याने बर्से सर्वोच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती व न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी दिलेल्या निकालात एक मूलभूत गोष्ट स्पष्ट झाली. मुख्यमंत्री जिचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत अशी ही सोसायटी स्वतःला खासगी संस्था म्हणवून सुटू शकत नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुच्छेदाच्या अर्थाने तिला 'राज्य'च मानले पाहिजे. स्थापनेनंतर साठ वर्षे होत आली तेव्हा हा प्रश्न सुटला! तोपर्यंत, मूल ज्याच्या ताब्यात आहे ती संस्था शासन आहे की नाही हेच जेथे वादाचे, तेथे पालकाने दाद कोणाविरुद्ध मागावी?

याच बर्से यांची दुसरी याचिका देशभरातील तुरुंगांत असलेल्या मुलांविषयी होती. तिची सुनावणी रेंगाळते आहे म्हणून त्यांनी १९८८ मध्ये ती मागे घेऊ देण्याची विनंती केली. न्यायालयाने ती नाकारली. लोकहिताची याचिका ही याचिकाकर्त्याची खासगी मालमत्ता नाही, असे कारण दिले आणि ती विधी साहाय्य समितीकडे सोपवली. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण दिरंगाईला कंटाळून निघून जाण्याची मोकळीकही येथे नाही, हा त्यातला विनोद मला नेहमी आठवतो.

अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये एक साधी मांडणी केली होती. संस्थेच्या कामावर नाराज माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. दुकान आवडले नाही तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो; शाळा आवडली नाही तर, पैसे असतील तर, पालक शाळा बदलतो. बाल संरक्षणाच्या व्यवस्थेत पहिला मार्ग कायद्यानेच बंद आहे, आणि तो बंद असणे रास्तही आहे. ज्या घरात मुलाला मारहाण होते त्या घराला 'मी सेवा बदलतो' असे म्हणू देता येणार नाही. परंतु पहिला मार्ग बंद केल्यावर दुसरा अधिक रुंद करायला हवा होता. आपण तोही अरुंद ठेवला.

काही वर्षांपूर्वी दक्षिणेतील एका शहरात मला दुभाष्याचे काम करावे लागले. बीडकडचे एक कुटुंब बांधकामावर मजुरीला आले होते. अकरा वर्षांचा मुलगा रेल्वे स्थानकावर एकटा सापडला व समितीपुढे जाऊन बालगृहात गेला. समितीने केले त्यात बेकायदा काहीच नव्हते. एकटे सापडलेले मूल पहिल्या येणाऱ्या माणसाच्या हाती देऊन टाकणे हाच खरा निष्काळजीपणा ठरला असता. पुढे मुलगा परत मिळाला. त्यासाठी बापाने किती रोज बुडवले ते त्याने मला बोटांवर मोजून दाखवले. पण त्याचा राग त्याबद्दल नव्हता. "माझ्याबद्दल काहीतरी लिहिलंय साहेब, ते काय लिहिलंय तेवढं विचारा," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कागद कन्नडमध्ये होता आणि गोपनीय होता. मी विचारले. अहवाल दाखवता येत नाही, असे अतिशय सौजन्याने सांगण्यात आले. तो बाप दारू पितो असे कोणीतरी सांगितले होते की मुलाला कामाला लावतो असे, हे त्याला कळलेच नाही. मग ते खोडून तरी कसे काढणार?

गोपनीयतेला कारणे आहेत हे मान्य केले पाहिजे. तक्रार करणारी शेजारीण, शिक्षिका, कधी खुद्द ते मूल, यांचे नाव उघड झाले तर उद्या कोणी बोलणार नाही. काही प्रकरणांत आईबापच अत्याचारी असतात. पण कायदा संपूर्ण अहवाल द्या असे म्हणतच नाही; तो सारांशाविषयी बोलतो, आणि तोही मर्जीवर सोडतो. गंमत अशी की याच २०१५ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात जी सोळा तत्त्वे सांगितली आहेत, त्यांतील शेवटचे तत्त्व नैसर्गिक न्यायाचे आहे. बाजू मांडण्याचा हक्क त्यात स्पष्ट आहे. म्हणजे तिसरे कलम सांगते की प्रत्येकाला आपले म्हणणे मांडता आले पाहिजे, आणि नव्व्याण्णवावे सांगते की कशाविषयी म्हणणे मांडायचे ते समितीला वाटले तर कळेल.

मुदतींचेही असेच आहे. सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत व्हावी, मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असे कलम ३६ म्हणते. प्रलंबित प्रकरणांचा तिमाही अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सुधारणा झाली नाही तर राज्य शासन समितीच बरखास्त करू शकते. हे सर्व वरच्या दिशेचे उत्तरदायित्व आहे. ज्या बेंगळुरूमधून कर्नाटकाने २०११ मध्ये सेवाहमीचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी 'सकाल' या नावाने तो अमलात आणला, त्या शहरात हा विरोधाभास अधिक जाणवतो. त्या कायद्यानुसार अर्ज करणाऱ्याला पोचक्रमांक मिळतो, उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये आणि जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मिळते व ती संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल होते. रक्कम किरकोळ आहे, परंतु दाखल्याच्या उशिराला तिने किंमत लावली. चार महिन्यांचे सहा महिने झाले तर मुलाच्या आईला पोचक्रमांकही नसतो.

परदेशांत याहून चांगली व्यवस्था आहे असा समज असेल तर तो पूर्ण खरा नाही. १९८७ मध्ये इंग्लंडच्या क्लीव्हलँड परगण्यात काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान दोन बालरोगतज्ज्ञांनी केले आणि अनेक मुले तडकाफडकी घरांतून काढली गेली. पालक संघटित झाले, प्रश्न संसदेत गेला, एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांची चौकशी समिती नेमली गेली. १९८८ च्या त्यांच्या अहवालाने ना सर्व पालकांना निर्दोष ठरवले, ना सर्व डॉक्टरांना खलनायक. यंत्रणांच्या कार्यपद्धतीतील दोष मात्र एकेक करून दाखवले. त्यानंतर १९८९ चा बालक अधिनियम आला. पूर्वी तातडीच्या आदेशाने मूल २८ दिवस ठेवता येई. ती मुदत आठ दिवसांवर आली, एकदाच सात दिवसांनी वाढवता येईल अशी. ७२ तासांनंतर आदेशाला आव्हान देण्याचा मार्गही पालकांना मिळाला. मुलांचे संरक्षण त्यामुळे सैल झाले नाही. अधिकार काढून घेतला गेला नाही, फक्त त्याला लवकर जाब द्यावा लागू लागला.

नॉर्वेचे उदाहरण आपल्या वाचकांच्या अधिक परिचयाचे आहे. २०११ मध्ये तेथील बाल कल्याण यंत्रणेने एका भारतीय दांपत्याची दोन मुले ताब्यात घेतली, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! परराष्ट्र मंत्रालय मध्ये पडले, एप्रिल २०१२ मध्ये मुले भारतात आली. पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एका नॉर्वेजियन आईच्या प्रकरणात, सप्टेंबर २०१९ मध्ये, कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय त्या देशाविरुद्ध दिला. आपल्या चर्चेतून जे सुटले ते असे: भारतात आल्यावरही त्या आईला मुले लगेच मिळाली नाहीत, जानेवारी २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मिळाली.

वरच्या दिशेचे उत्तरदायित्व किती पोकळ असू शकते ते २०१८ मध्ये मुझफ्फरपूरला दिसले. बालिकागृहाची नियमित तपासणी कागदोपत्री होत होती. बिहार शासनानेच नेमलेले टाटा समाजविज्ञान संस्थेचे पथक मुलींशी बोलले, तेव्हा अत्याचार बाहेर आले. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. तपासणी आणि विचारपूस या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता अलीकडचा एक आकडा, जो मला या विषयातील सर्वांत बोलका वाटतो. करोनाच्या साथीत मुलांना गर्दीच्या संस्थांत ठेवणे धोक्याचे झाले. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने महाराष्ट्र व कर्नाटकासह आठ राज्यांना, शक्य तेथे मुले शंभर दिवसांत कुटुंबांकडे परत पाठवावीत असे कळवले. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशात देशाचे आकडे आले आहेत. साथीच्या प्रारंभी बालसंस्थांमध्ये २,२७,५१८ मुले होती. त्यांपैकी १,४५,७८८ घरी पोहोचली होती. हे प्रमाण ६४ टक्के होते. ज्यांना आपण ढोबळपणे अनाथ म्हणतो त्यांच्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश मुलांना जायला घर होते.

या आकड्याचा विपर्यास करता कामा नये. यातील पुष्कळ मुले आईबापांनीच जेवण व शिक्षण मिळावे म्हणून संस्थेत ठेवली होती, आणि घाईने परत पाठवलेल्यांपैकी सर्वांचे भले झाले असेल असेही नाही. न्यायालयाने म्हणूनच अशा प्रत्येक मुलाच्या शिक्षणासाठी महिना २००० रुपये देण्यास सांगितले. तरीही प्रश्न उरतोच. पत्रव्यवहार, गृहचौकशी, सोबतीला माणूस या सर्व अडचणी नेहमीसारख्याच, किंबहुना टाळेबंदीमुळे अधिकच होत्या. वर्षानुवर्षे जे होत नाही ते काही महिन्यांत झाले, कारण या वेळी उत्तर न्यायालयाला द्यायचे होते. महाराष्ट्रात १९७५ पासून बालसंगोपन योजना आहे. संस्थेऐवजी कुटुंबातच मूल वाढावे म्हणून पैसे देण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही. २०२२ च्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची रक्कम महिना ४००० रुपये झाली. गरिबीमुळे जे मूल संस्थेत जाते त्याच्यासाठी हा मार्ग अधिक स्वस्त व अधिक मायेचा आहे, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

कायद्यात कुटुंबाच्या दिशेने उघडणारे एक दार आहे, ते कलम २७ च्या दहाव्या पोटकलमात. समितीच्या कामकाजाविषयीच्या तक्रारींसाठी जिल्हाधिकारी हे निवारण प्राधिकारी आहेत. २०२१ च्या सुधारणेने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, हे अधिक स्पष्ट केले: बाधित बालक किंवा त्याच्याशी संबंधित कोणीही तक्रार करू शकतो आणि दोन्ही पक्षांना ऐकून घेऊन आदेश द्यावा लागतो. याशिवाय समितीच्या आदेशावर तीस दिवसांत अपील आहे, पण ते वकील परवडणाऱ्यांसाठी. आपल्याकडील मजुराला जिल्हाधिकारी कचेरी ठाऊक असते, बाल न्यायालय नसते.

हे दार वापरले जावे असे वाटत असेल, तर कचेरीतील टपालाचा प्रवास पाहावा लागेल. पालकाचा अर्ज आवक शाखेत येतो, तेथून 'अभिप्रायार्थ' महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो, तेथून जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि तेथून, बहुधा, ज्या समितीविरुद्ध तो आहे तिच्याकडेच. समितीचा अभिप्राय त्याच वाटेने परत येतो व अर्ज निकाली निघतो. यात सुनावणी कोठे आली? त्यासाठी नवा कायदा नको. या तक्रारींची वेगळी नोंदवही, पोचक्रमांक आणि सुनावणीची तारीख हे जिल्हाधिकारी स्वतःच्या सहीने सुरू करू शकतात. राहिला गोपनीय अहवाल. नियम करण्याचा अधिकार अधिनियमाने राज्यांना दिलेला आहे. समितीच्या आदेशाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: 'अहवालाचा सारांश पालकास त्याला समजणाऱ्या भाषेत कोणत्या तारखेस सांगितला, सांगितला नसल्यास कारण.'